वाखाणणे: उलगडून केलेले कौतुक

‘व्याघ्र’चा ‘वाघ’ झाला, हे आपल्याला शाळेतच कळते. त्याच वाटेने ‘व्याख्यान’चे ‘वाखाण’ झाले, हे कळायला मला मात्र बरीच वर्षे लागली. वर्तमानपत्रात रोज दिसणारे ‘वाखाणण्याजोगे’ आणि सभागृहातले व्याख्यान ही एकाच घरची माणसे असतील असे कधी मनातही आले नव्हते. कळले त्या दिवसापासून ‘वाखाणणे’ हे क्रियापद मला वेगळेच दिसू लागले, आणि कौतुकाचे आपले इतर शब्दही.

वाघ आणि वाखाण ह्यांचा प्रवास पायरीला पायरी जुळतो. संस्कृतातला ‘व्या’ प्राकृतात येताना ‘य’ टाकून देतो. मधल्या जोडाक्षराची जागा एकाच वर्गातल्या दोन व्यंजनांची जोडी घेते: ‘घ्र’चे ‘ग्घ’, ‘ख्य’चे ‘क्ख’. अशी जड जोडी पुढे आली की आधीचा स्वर आखडतो. म्हणून प्राकृतात ‘वग्घ’ आणि ‘वक्खाण’. मराठीने पुढे ती जोडी सोडवली, एकच अक्षर ठेवले आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला. ‘हत्थ’चा ‘हात’, ‘सत्त’चे ‘सात’, ‘कम्म’चे ‘काम’ झाले तेही असेच. प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला होता, तो मराठीने जपला. हिंदीने ‘व’चा ‘ब’ केला, ‘ण’चा पुन्हा ‘न’ केला आणि ‘बखान’ घडवले. गुजरातीत ‘वखाण’ आहे. गोव्यात ख्रिस्ती घरांतल्या कोकणी प्रार्थनेत देवाची ‘वाखाणणी’ होते.

आता अर्थाकडे वळू. ‘व्याख्यान’ म्हणजे वि, आ आणि ‘ख्या’ हा धातू. ‘ख्या’ म्हणजे सांगणे, जाहीर करणे. ख्याती, विख्यात, आख्यान, आख्यायिका, व्याख्या, इतकेच काय ‘संख्या’सुद्धा ह्याच धातूपासून निघाली. त्याला ‘वि’ आणि ‘आ’ लागले की अर्थ होतो: वेगवेगळे करून, शेवटपर्यंत, नीट सांगणे. सूत्र दोन-चार शब्दांचे असते. व्याख्यान त्याची घडी मोडून दाखवते. ह्याच घरातले आणखी एक भावंड आपल्या लग्नमांडवात बसलेले आहे. व्युत्पत्तिकार ‘उखाणा’ हा शब्द ‘उपाख्यान’वरून आणतात, ‘उवक्खाण’ ह्या प्राकृत रूपातून. उखाणा म्हणजे कोडे, आणि यमकात गुंफून घेतलेले जोडीदाराचे नावही. दोन्हींत काहीतरी आधी झाकून ठेवायचे असते आणि मग उघड करायचे असते.

मग ‘उलगडून सांगणे’चे ‘स्तुती करणे’ कसे झाले? शब्दांचे अर्थ एका रात्रीत बदलत नाहीत. जुन्या मराठीत ‘वाखाणणे’ दोन्ही अर्थांनी भेटते. कुणी ग्रंथ वाखाणतो म्हणजे त्याचा अर्थ सांगतो. कुणी गुण वाखाणतो म्हणजे त्यांची थोरवी गातो. दोन अर्थ बराच काळ शेजारी नांदले आणि मग पहिला हळूहळू मावळला. गुजराती भाषक जैन समाजात ते शेजारपण अजून दिसते. तिथे साधुमहाराजांच्या प्रवचनालाही ‘वखाण’ म्हणतात आणि घरी सुनेच्या हाताच्या चवीचेही ‘वखाण’च होते. मराठीने मात्र वाटणी केली. संस्कृत रूप ‘व्याख्यान’ व्यासपीठावर गेले, आणि झिजून घरचे झालेले ‘वाखाण’ कौतुकाच्या वाट्याला आले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा ही वाटणी पक्की होऊन गेली होती. मूळ एकच, पण कामे दोन, असे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ एकाच मुळाचे, पण माणसाला एक आणि गाईला दुसरा. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ तसेच.

ज्याचे व्याख्यान करायचे तो ग्रंथ आपल्याकडे बहुधा पूज्य असे, तेव्हा अर्थ सांगणारा माणूस अर्थ सांगता सांगताच थोरवी गात असे. हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर नारदीय कीर्तनाला जाऊन बसावे. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेतात आणि त्याचे निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान लावतात. म्हणजे पहिल्या भागात अर्थ फोडायचा, दुसऱ्यात गोष्ट सांगायची, आणि दोन्ही मिळून होते ते देवाचे आणि भक्ताचे गुणगान. ‘कीर्तन’ ह्या शब्दाच्या मुळाशीही ‘सांगणे, नाव घेणे’ हाच अर्थ आहे, आणि ‘कीर्ती’ तिथूनच आली. निरूपण कुठे संपले आणि स्तुती कुठे सुरू झाली, हे कीर्तनात बोट ठेवून दाखवता येत नाही. ‘वाखाणणे’चे दोन अर्थ एकमेकांत मिसळले ते अशाच जागी, असे मला वाटते.

हा योगायोग एकाच शब्दापुरता असता तर मी त्यावर एवढा अडून बसलो नसतो. पण ‘तारीफ’ पाहा. हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीत ‘अ-र-फ’ ह्या धातूचा अर्थ जाणणे, ओळखणे. ‘तारीफ’ म्हणजे ओळख करून देणे, आणि व्याकरणात किंवा तर्कशास्त्रात व्याख्या. उर्दूत आजही तारीफ म्हणजे व्याख्याही आणि स्तुतीही. जुन्या हिंदी चित्रपटांत अनोळखी माणसाला ‘आपकी तारीफ?’ असे विचारतात, तिथे स्तुतीचा प्रश्नच नसतो. आपण कोण, एवढेच विचारायचे असते. ह्याच धातूचा आणखी एक शब्द आपण रोज वापरतो तो म्हणजे ‘मार्फत’. मूळ ‘मारिफत’, म्हणजे ओळख, जाण. कुणाच्या मार्फत काम होते, म्हणजे कुणाच्या ओळखीने होते. संस्कृत आणि अरबी ह्या दोन भाषांचे रक्ताचे नाते नाही. तरी दोन्हीकडे व्याख्येच्या शब्दाने कौतुकाचे घर गाठले.

तिसरा साक्षीदार मराठीतलाच. ‘वर्णन’ म्हणजे जसे आहे तसे सांगणे. पण ‘वर्णावे तितके थोडे’ असे आपण कुणाच्या दोषांविषयी म्हणत नाही. ‘वर्ण’चे प्राकृतात ‘वण्ण’ झाले आणि त्यातून मराठीत ‘वानणे’ हे क्रियापद आले. अभंग ऐकणाऱ्यांच्या ते ओळखीचे आहे. त्याचा अर्थ वर्णन करणे, आणि म्हणून थोरवी गाणे. चौथा साक्षीदार मीमांसाशास्त्रातला. वेदातली जी वाक्ये आज्ञा देत नाहीत, पण सांगितलेल्या कर्माची स्तुती करतात किंवा निषिद्ध कर्माची निंदा करतात, त्यांना मीमांसकांनी ‘अर्थवाद’ म्हटले. शब्दाचा सरळ अर्थ काय, तर अर्थ सांगणे. अमुक का करावे हे सांगायला बसले की त्याचा गौरव होतोच, हे त्यांनी फार पूर्वी ओळखले होते.

पण मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती ‘टीका’ ह्या शब्दाची गोष्ट, कारण ती उलट्या दिशेने गेली. संस्कृतात टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडणारे लेखन. कालिदासाच्या काव्यांवर मल्लिनाथाने लिहिल्या त्या टीका. ज्ञानेश्वरी, म्हणजे शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला पूर्ण झालेली ‘भावार्थदीपिका’, ही गीतेवरची टीका. तिच्यात गीतेला बोल लावलेला नाही. आणि आज ‘त्याच्यावर टीका झाली’ ह्या वाक्यात बोल लावण्याखेरीज काही उरलेले नाही. व्याख्यान आणि टीका हे दोन्ही शब्द एकेकाळी एकच काम करत होते. एक झिजून कौतुक झाला, दुसरा तसाच राहून दूषण झाला. बारकाईने पाहणाऱ्याला गुणही दिसतात आणि दोषही. त्याचे गुणांविषयीचे बोलणे एका शब्दाने उचलले, दोषांविषयीचे दुसऱ्याने. म्हणूनच साहित्याच्या जाणकारांना पुढे ‘टीकाकार’ हे नाव बाजूला ठेवून ‘समीक्षक’ हे नाव जवळ करावे लागले.

हे सगळे मनात धरून ‘वाखाणणे’ आपण वाक्यात कसे वापरतो ते पाहिले, तर ते अजून आपले मूळ विसरलेले नाही असे दिसते. हे सकर्मक क्रियापद आहे, आणि त्याचे कर्म बहुतेक वेळा माणूस नसते. ‘परीक्षकांनी तिचे अक्षर वाखाणले’, ‘गावाने त्याचे धाडस वाखाणले’, ‘सगळ्यांनी तिची चिकाटी वाखाणली’. अक्षर, धाडस, चिकाटी, प्रसंगावधान, नियोजन: काहीतरी नेमके समोर लागते. ‘त्याला वाखाणले’ असे म्हणता येते, पण ऐकणारा लगेच विचारतो, कशासाठी? ‘त्याचे कौतुक केले’ म्हटल्यावर तो प्रश्न तितक्या घाईने येत नाही. चंद्र, पाऊस, डोंगर हेही आपण सहसा वाखाणत नाही. चंद्र सुंदर असतो, पाऊस हवाहवासा असतो. वाखाणायचे ते माणसाने कमावलेले, निभावलेले काही.

दुसरे असे की वाखाणणे मुळात तोंडाने होते. ‘मी मनोमन वाखाणले’ असे लिहितात, पण तिथे ‘मनोमन’ मुद्दाम घालावे लागते, कारण एरवी बोलणे गृहीत असते. इंग्रजीतले ‘अ‍ॅडमायर’ ह्याच्या अगदी विरुद्ध. त्याचे मूळ लॅटिनमधले आश्चर्य वाटण्याचे क्रियापद. ‘मिरॅकल’ आणि ‘मिरर’ त्याच गोतातले. ‘अ‍ॅडमायर’ करणारा माणूस गप्प राहू शकतो. त्यामुळे अनुवादक तिथे ‘वाखाणणे’ घालतो तेव्हा वाक्य हटकून तिरपे होते. मनातल्या त्या भावनेला मराठीत ‘कौतुक वाटणे’ किंवा ‘आदर वाटणे’ म्हणतात.

‘कौतुक’ हा आपल्या सगळ्यांचा लाडका शब्द, आणि त्याचा इतिहास फारच वळणावळणांचा. संस्कृतात कौतुक म्हणजे उत्सुकता, नवल. ‘कुतूहल’ त्याचा जवळचा नातलग. त्याला आणखी एक अर्थ होता, लग्नात मनगटाला बांधायचा मंगल दोरा. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात, पार्वतीच्या लग्नात, तो ह्या अर्थाने येतो. जुन्या मराठीत कौतुक म्हणजे नवल, खेळ, लीला. हा जुना अर्थ विसरल्यामुळे आपण एक प्रसिद्ध ओवी रोज चुकीची वाचतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठीच्या गोडीविषयीची जी ओवी आहे, तिचा पहिला चरण २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, फलकाफलकांवर अशा रूपात दिसतो की ज्ञानदेव ‘चला, मराठीचे कौतुक बोलू या’ असेच म्हणत आहेत असे वाटावे. मूळ पाठात ‘बोलु’ हे क्रियापद नाही. ते नाम आहे, ‘बोल’ ह्या अर्थाचे. आणि ‘कौतुकें’ हे तृतीयेचे रूप आहे: सहज लीलेने. आपला बोल मराठीच आहे खरा, पण तो सहजपणे अमृताशीही पैज जिंकेल, असा तो प्रतिज्ञेचा सूर आहे. मराठीचे कौतुक करा अशी विनंती त्यात नाही. विनंतीहून प्रतिज्ञा कितीतरी मोठी, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आजच्या बोलण्यात ‘कौतुक’ कोणते क्रियापद घेते त्यावर सगळे अवलंबून असते. ‘कौतुक वाटते’ ते आत. ‘कौतुक करतो’ ते बाहेर. ‘कौतुक होते’ ते चारचौघांत. ‘तिला माहेरचं फार कौतुक’ म्हटले की त्यात अभिमान येतो. ‘कोडकौतुक पुरवणे’ म्हटले की लाड. आणि ‘त्यात काय एवढं कौतुक?’ म्हटले की जुने ‘नवल’ डोके वर काढते. ह्या शब्दाला एक उतारही आहे. कौतुक बहुधा मोठ्यांकडून धाकट्यांकडे वाहते किंवा बरोबरीच्यांत राहते. आजी नातवाचे कौतुक करते, मास्तर विद्यार्थ्याचे करतात, मैत्रीण मैत्रिणीचे. ‘शिष्याने गुरूंचे कौतुक केले’ हे वाक्य कानाला खटकते. तिथे ‘कौतुक वाटले’ चालते, ‘गौरव केला’ चालते. ‘वाखाणणे’ला असा उतार नाही. शिष्य गुरूंची विद्वत्ता वाखाणू शकतो आणि गुरू शिष्याची मेहनत. अर्थ सांगायला वयाचा किंवा पदाचा मान लागत नाही. त्या गोष्टीची जाण लागते.

जाणीव आणि जाण ह्यांचा विषय निघाला की ‘दाद’ आठवायलाच हवी. फारसीत ‘दाद’ म्हणजे न्याय. आपण न्यायालयात दाद मागतो. वकिलांच्या कागदांत ‘मागितलेली दाद’ असते. कुणी विचारपूसच केली नाही तर ‘दाद ना फिर्याद’ म्हणतो. दुखणे औषधाला दाद देत नाही, म्हणजे औषधाचा हक्क मान्य करत नाही, त्याला जुमानत नाही. आणि हाच शब्द मैफलीत जाऊन बसला. गवयाने अवघड तान घेऊन नेमकी समेवर आणून सोडली, आणि पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तोंडून ‘वा!’ निघाले, की ती दाद. तिथे श्रोता बक्षीस देत नसतो, गवयाला त्याचे देणे चुकते करत असतो. म्हणून दाद वेळेवरच द्यावी लागते. तान संपून दुसरी सुरू झाल्यावर आलेला ‘वा’ म्हणजे उशिरा मिळालेला न्याय. चुकीच्या जागी दिलेली दाद तर गवयाला अधिकच बोचते, कारण समोरच्याला कळलेले नाही हे त्यातून उघड होते. संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षकांची दाद ‘वन्समोअर’ होऊन यायची आणि नटाला पद पुन्हा म्हणावे लागायचे.

दाद आणि वाखाण ह्यांत फरक वेळेचा आहे. दाद त्या क्षणाची. तिला शब्द लागतातच असे नाही, मान डोलली तरी पुरते. वाखाण नंतरचे. मैफल संपल्यावर, चहाच्या कपाशी, ‘त्यांनी तो निषाद जरा उतरता ठेवला ना, त्यामुळे…’ असे जे सुरू होते ते वाखाणणे.

फारसीने आपल्याला कौतुकाचे आणखी शब्द दिले. ‘शाबास’ म्हणजे मूळ ‘शाद बाश’, आनंदी राहा. म्हणजे तो खरा आशीर्वादच, आणि म्हणून पाठीवरच्या थापेबरोबर तो इतका शोभतो. ‘नावाजणे’ हे ‘नवाज’वरून आले, त्याचा अर्थ कुरवाळणे, कृपा करणे. ‘गरीबनवाज’मधला ‘नवाज’ तोच. मराठीत येताना त्यावर ‘नाव’ ह्या आपल्या शब्दाची सावली पडली असावी, त्यामुळे ‘नावाजलेला’ म्हटले की आपल्याला कृपा आठवत नाही, नावलौकिक आठवतो. संस्कृताकडून आलेल्यांत ‘गौरव’ म्हणजे वजन, जडपणा, ‘गुरु’चा भाऊ. गौरव एकट्याने घरात बसून होत नाही. त्याला सभा लागते, शाल आणि श्रीफळ लागते. ‘स्तुती’ देवाची शोभते. माणसाची होऊ लागली की ऐकणारा सावध होतो, आणि ‘स्तुतिपाठक’ हा शब्द त्या संशयातूनच बोचरा झाला. ‘प्रशस्त’चे तर काहीतरी वेगळेच झाले. मूळ अर्थ ‘प्रशंसा केलेला, उत्तम’. मराठीत मात्र प्रशस्त म्हणजे ऐसपैस: प्रशस्त अंगण, प्रशस्त दिवाणखाना. ज्या जागेची तारीफ करावी अशी जागा मोठीच असणार, असे आपण ठरवून टाकले.

‘प्रशस्ती’ हा शब्द मात्र जुन्या अर्थाने टिकला, आणि महाराष्ट्रातली एक प्रशस्ती प्रत्येकाने एकदा तरी जाऊन पाहावी अशी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख कोरलेला आहे, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी ह्याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी तोवर जगात राहिलेला नव्हता. ह्या आईने मुलाविषयी काय काय कोरून ठेवले? त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. त्याने शक, यवन आणि पल्हव ह्यांचा पाडाव केला. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे. नगरजनांचे सुखदुःख तो आपलेच मानी. आणि आईची सेवा तो अखंड करी. ह्या लेखात राजांच्या प्रशस्तीत हमखास येणारी मोठमोठी विशेषणेही आहेत. पण ती कुणाही राजाला लावता आली असती. तीन समुद्रांचे पाणी आणि आईची सेवा ही दोन्ही एकत्र एकाच माणसाची. गौतमीने मुलाला वाखाणले, ह्या क्रियापदाच्या दोन्ही अर्थांनी.

आज ‘वाखाणणे’ जिवंत आहे, पण जवळजवळ एकाच रूपात: ‘वाखाणण्याजोगे’. ‘मी तुझी आमटी वाखाणते’ असे घरात कुणी म्हणत नाही. बोलण्यात आपण ‘लय भारी’, ‘एक नंबर’, ‘नाद खुळा’, ‘मानलं तुला’ म्हणतो, आणि ते म्हणावेच; कोल्हापूरच्या ‘नाद खुळा’मध्ये जी ऊब आहे ती कुठल्याही संस्कृत विशेषणात नाही. ते दाद देण्याचे शब्द आहेत आणि दादेचे काम चोख करतात. माझी तक्रार आहे ती छापील भाषेविषयी. बातमीत ‘पोलिसांची कामगिरी वाखाणण्याजोगी होती’ असे येते आणि परिच्छेद संपतो. त्यांनी काय केले, कोणत्या क्षणी केले, दुसऱ्या कुणाला ते का जमले नसते, ह्यातले काही येत नाही. सांगायचे म्हणून जन्मलेले हे क्रियापद आता न सांगण्यासाठी वापरले जाते, ह्याचे मला मनापासून वाईट वाटते. स्मरणिका, निरोपाची भाषणे, पुरस्कारांची मानपत्रे, सगळीकडे तेच. नावे बदलून तोच मजकूर दुसऱ्याला लावता येतो.

लिहिण्यातली एक चूकही इथेच सांगतो. पुष्कळ जण ‘वाखणण्याजोगे’ असे लिहितात. ‘ख’ला काना हवा, कारण तो ‘व्याख्यान’मधल्या ‘ख्या’चा काना आहे. आणि दोन ‘ण’ही हवेत: पहिला ‘वाखाण’चा, दुसरा ‘णे’ ह्या प्रत्ययाचा.

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेचे रसग्रहण असते. आशय काय, सौंदर्य कुठे आहे, भाषेची खास वैशिष्ट्ये कोणती, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहायचे असते. चांगले झाले तर ते जुन्या अर्थाने व्याख्यान असते आणि नव्या अर्थाने वाखाण. कविता आवडली एवढे लिहून तिथे गुण मिळत नाहीत. का आवडली ते लिहावे लागते. जी अट आपण पंधरा वर्षांच्या मुलांना घालतो, ती शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना स्वतःलाही घालावी, एवढी माझी त्यांना विनंती आहे. ‘प्रगती वाखाणण्याजोगी’ ह्या दोन शब्दांपुढे आणखी एकच ओळ लिहा: अपूर्णांक आता ती चित्र काढून स्वतः सोडवते, किंवा वर्गात नव्याने आलेल्या मुलाला तो रोज डबा खायला शेजारी बसवतो. ती ओळ मूल पुन्हा पुन्हा वाचेल.